बीटलच्या मागच्या ॲक्सलचे बूट : जोडाचे की अखंड?

निळी_बीटल

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९६५ ची फोक्सवॅगन बीटल आहे, मागे स्विंग ॲक्सल, म्हणजे चाकासकट वरखाली झुलणारा. गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाचा रबरी बूट, म्हणजे सांधा झाकणारं घड्यांचं आवरण, खालच्या घडीत चिरलाय आणि तिथून गिअर ऑइल झिरपतंय. उजवा अजून कोरडा आहे, पण बोटांनी घडी उघडली की आत केसासारख्या भेगा दिसतात. म्हणजे तोही फार दिवसांचा सोबती नाही.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक अखंड, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होता तसा. दुसरा उभा चिरलेला. तो ॲक्सलच्या नळीभोवती गुंडाळायचा आणि शिवणीवरचे बारके स्क्रू-नट आवळायचे. अखंड बसवायचा तर चाक, ड्रम, ब्रेकची बॅकप्लेट, बेअरिंग हे सगळं उतरवून नळीच्या टोकावर दाबून बसवलेलं बेअरिंगचं घरही काढावं लागतं.

माझ्या मते रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला जोडाचा बूट पुरे. आमचे मेकॅनिक म्हणतात, ती मलमपट्टी झाली, करायचं तर नीट करा. इथल्या जाणकारांचं काय मत? आणि जोडाचा लावायचाच झाला तर शिवण कुठल्या दिशेला ठेवायची, तिला सीलंट लावायचं का, हेही सांगा. काम मी घरीच करणार आहे.

रिंगपाना

बूट मागवण्याआधी एक करा. गळती नक्की बुटातूनच आहे ना, ते बघा. त्या भागात तेल यायच्या वाटा बऱ्याच आहेत. बूट ज्या गोल रिटेनरवर बसतो त्याखाली कागदी गॅस्केट असतं, ते गेलं की तेल बुटावरूनच ओघळतं आणि बूट फाटल्यासारखं दिसतं. इंजिन मागेच असल्यामुळे त्याचं तेलही या भागात येऊ शकतं. चाकाकडचं ऑइल सील गेलं असेल तर तेल ड्रमच्या आत जाऊन ब्रेकचे लायनर भिजतात, आणि ते सगळ्यात वाईट.

रॉकेल आणि ब्रशने सगळा भाग स्वच्छ धुवा, कापडाने कोरडा करा आणि वर टाल्कम पावडर भुरभुरवा. एक चक्कर मारून आलात की पावडरीवर तेलाची वाट उमटलेली दिसते. तिचं वरचं टोक जिथे, तिथे गळती.

निळी_बीटल

@रिंगपाना, पावडरीची युक्ती छान आहे, करून बघतो. वासावरून तरी गिअर ऑइलच वाटतं. तो गंधकाचा उग्र वास हातावरून दोन दिवस जात नाही.

मेघना_त

आमच्या घरीही एक जुनी बीटल आहे, पण मी फक्त चालवते. हा बूट नेमकं करतो काय? आणि थोडंसं झिरपलं तर इतकं काय बिघडतं? कोणी समजावून सांगेल का?

बाबूकाका

@मेघनाताई, सांगतो.

बीटलचा गिअरबॉक्स गाडीला पक्का बांधलेला असतो. त्याच्या दोन्ही अंगांनी एकेक पोलादी नळी चाकापर्यंत जाते आणि नळीच्या आत फिरणारा ॲक्सल असतो. चाक खड्ड्यात गेलं की नळीसकट सगळा हात वरखाली होतो, गिअरबॉक्सपाशी असलेल्या सांध्याभोवती. आत ॲक्सलचं टोक चपटं केलेलं असतं. ते डिफरेन्शियलच्या गिअरमध्ये दोन छोट्या फलक्रम प्लेटांच्या मध्ये बसतं, म्हणून फिरताफिरता झुकूही शकतं. बाहेर नळीचं गोलसर टोक रिटेनरमध्ये हलतं. हा हलणारा सांधा झाकायला रबरी बूट.

आता महत्त्वाचं. नळीला आतल्या टोकाशी सील नसतं. गिअरबॉक्समधलं तेल सांध्यातून बुटात येतं, नळीतून वाहत थेट चाकाच्या बेअरिंगपर्यंत पोचतं आणि त्यावरच ते बेअरिंग चालतं. म्हणून बूट फाटला की फक्त अंगण खराब होतं असं नाही. गिअरबॉक्सची पातळी उतरते, बेअरिंगला तेल कमी पडतं, आणि त्याच चिरेतून धूळ-पाणी आत शिरतं. अख्ख्या गिअरबॉक्सात तेल असतं अडीच लिटर. त्यातलं थोडं थोडं जात राहिलं तर आवाज सुरू व्हायला वेळ लागत नाही, आणि आवाज येईपर्यंत गिअरचे दात खाल्लेले असतात.

मेघना_त

खूप छान समजावलंत काका. रविवारी गाडीखाली वाकून बघते.

सातवा_गिअर

मी सरळ विरोधात. जोडाचे बूट म्हणजे पैसे पाण्यात. माझ्या दुसऱ्या एका गाडीला, पुढच्या चाकांना ताकद जाणारी आहे ती, असा चिरवाला बूट लावून दिला होता. घाटात एकदा वर-खाली झालं आणि शिवण उघडून चाकाच्या आतल्या बाजूला सगळं ग्रीस उडालेलं. त्यानंतर कानाला खडा. एकदाच मेहनत घ्या आणि अखंड बसवा.

रिंगपाना

@सातवा_गिअर, तुमचा अनुभव खराच असणार, पण ती गोष्ट वेगळी. पुढच्या चाकांच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे फिरताफिरता झुकणाऱ्या सांध्याचा, बूट शाफ्टबरोबर गरगर फिरतो. आतलं ग्रीस त्या फिरण्याने बाहेर फेकलं जातं आणि शिवणीवर सतत दाब येतो. स्विंग ॲक्सलचा बूट फिरतच नाही. एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं नळीला, आणि नळी फक्त वरखाली होते. फिरतो तो आतला शाफ्ट. त्यामुळे इथे शिवणीला फक्त वाकणं सोसावं लागतं आणि तेल रोखून धरावं लागतं. सीव्हीला मीसुद्धा चिरवाला कधी लावणार नाही. इथे मात्र नीट बसवला तर तो चांगला चालतो, माझ्या स्वतःच्या गाडीला तोच आहे.

सातवा_गिअर

हा फरक पटला. तरीही ‘नीट बसवला तर’ यातच सगळं आलं.

घाटवाट

मग ‘नीट’ म्हणजे काय ते लिहितो, कारण बहुतेक जोडाचे बूट रबर खराब म्हणून नाही, तर चुकीच्या वेळी आवळले म्हणून फाटतात.

गाडी जॅकवर उचलली की स्विंग ॲक्सलची दोन्ही चाकं खाली लोंबतात आणि आतल्या बाजूला वळतात. त्या अवस्थेत बुटाची वरची बाजू ताणलेली असते आणि खालची चेपलेली. तशातच क्लिपा कचकचून आवळल्या आणि गाडी खाली घेतली, की नळी वर येते आणि आता खालची बाजू कायमची ताणात. चार खड्डे लागले की तिथेच चीर.

म्हणून बूट गुंडाळायचा, शिवणीचे स्क्रू लावायचे, पण दोन्ही टोकांच्या क्लिपा नुसत्या सैल लावून ठेवायच्या. चाक चढवायचं, गाडी जमिनीवर घ्यायची. आणि एवढ्यावर थांबायचं नाही. जॅकवरून उतरलेली बीटल मागून उंचच राहते, कारण टायर जमिनीला घासून चाकं बाहेर सरकू देत नाहीत. गाडी हाताने थोडी पुढे-मागे ढकलायची. मग ती ‘बसते’ आणि नळी नेहमीच्या कोनात येते. हाताने बूट थोडा फिरवून त्याला पीळ नाही ना ते चाचपायचं आणि मग आडवं होऊन क्लिपा आवळायच्या. जागा अडचणीची आहे, लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो, पण याला पर्याय नाही.

अनुस्वार

+१. फक्त एक भर. चाकांवर असलेल्या गाडीखाली शिरता येत नसेल तर घोड्या (जॅकस्टँड) गाडीच्या बॉडीखाली न लावता मागच्या ॲक्सलच्या टोकांशी, शॉकअपच्या खालच्या बाजूला भक्कम जागा बघून लावा. वजन ॲक्सलवरच येतं आणि खाली जागाही मिळते. पुढच्या चाकांना ठोकळे हवेतच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही.

निळी_बीटल

@घाटवाट, हे सोन्यासारखं आहे. मी जॅकवरच आवळून मोकळा झालो असतो. आणि शिवणीची दिशा?

घाटवाट

शिवण वर नको आणि खाली तर मुळीच नको. नळी वरखाली होते, त्यामुळे सगळ्यात जास्त ताण आणि चेप वरच्या आणि खालच्या रेषेतच. पुढच्या आणि मागच्या बाजूला बूट जवळजवळ हलतच नाही. म्हणून शिवण आडवी, मागच्या दिशेला. पुढे केली तर चाकाने उडवलेले खडे, चिखल थेट स्क्रूंवर.

अनुस्वार

मी अगदी आडवी ठेवत नाही. मागेच, पण किंचित वरच्या अंगाला. गाडी उभी असताना तेलाची पातळी बुटात साधारण मध्यापर्यंत येते. शिवण त्या पातळीच्या थोडी वर राहिली तर उभ्या गाडीत तरी तिला तेल टेकून राहत नाही.

घाटवाट

किंचित म्हणजे किंचितच असेल तर हरकत नाही. मी काहींनी चक्क वर, घड्याळातल्या बाराला ठेवलेली पाहिली आहे, ‘तेल वर चढत नाही’ म्हणून. ती शिवण प्रत्येक खड्ड्याला उघडमीट करते.

अनुस्वार

मान्य. घड्याळातच सांगायचं तर बारा आणि सहा वर्ज्य.

क्षितिजा

रबराच्या बाजूने थोडं लिहिते, कारण हा माझ्या कामाचा भाग आहे.

या बुटाला एकाच वेळी दोन वेगळ्या शत्रूंशी लढायचं असतं. आतून खनिज तेल, बाहेरून हवेतला ओझोन आणि ऊन. नैसर्गिक रबर लवचिक असतं, पण खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. नायट्राइल रबर तेलाला उत्तम तोंड देतं, पण ओझोनपुढे कमजोर, त्यामुळे त्यात संरक्षक रसायनं नीट मिसळलेली असावी लागतात. निओप्रीन दोन्ही बाबतींत मध्यम, म्हणून अशा बुटांना ते बऱ्यापैकी योग्य. निळी_बीटल यांनी लिहिलेल्या घडीतल्या केसासारख्या भेगा ही ओझोनची खूण. त्या नेहमी ताणाच्या आडव्या दिशेत पडतात. ताण नसलेल्या रबरावर अशा भेगा जवळजवळ पडतच नाहीत, त्यामुळे वर घाटवाट यांनी जे लिहिलंय, की गाडी बसल्यावरच आवळा, ते रबराच्या नजरेनेही शंभर टक्के बरोबर आहे.

नवा बूट हातात आला की घडी बोटांनी पूर्ण उघडून उजेडात बघा. जोडाच्या बुटात शिवणीच्या दोन्ही कडा एकमेकींवर सपाट बसतात का, स्क्रूच्या भोकांभोवती रबर पुरेसं जाड आहे का, हे तपासा. वर्षानुवर्षं दुकानात लटकून चपटा झालेला, घडीवर पांढुरका पडलेला बूट घेऊ नका. आणि घरी जपून ठेवायचा असेल तर काळ्या पिशवीत, मोटर-वेल्डिंगपासून लांब, कारण ठिणग्यांनी ओझोन तयार होतो.

रिंगपाना

@क्षितिजा, फारच मोलाचं. मग शिवणीला सीलंटबद्दल तुमचं काय मत?

क्षितिजा

साधं, व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन नको. ते तेलकट पृष्ठभागावर चिकटत नाही आणि गरम गिअर ऑइलमध्ये हळूहळू सुटतं. कडा कोरड्या, स्वच्छ आणि सपाट असतील तर सीलंटशिवाय बसायला हवं. लावायचंच तर तेल सोसणारं, कडक न होणारं गॅस्केट सीलंट, बोटाने पसरून अगदी पातळ. जाड थर दिला तर कडा त्यावरून घसरतात.

बाबूकाका

मी सीलंट लावतो, क्षितिजाताई म्हणतात तसंच पातळ. मात्र ते रिटेनरच्या आणि नळीच्या ओठावर लावत नाही. तिथे धातू घासून चकचकीत करायचा. जुन्या तेलाची काळी खरपुडी बसलेली असते, ती नखाने नाही निघत, लाकडी पट्टीने खरवडायची. पोलादी पट्टीचा एक ओरखडा म्हणजे तेलाला नवी वाट.

शिवणीचे स्क्रू मधल्यापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचं, एकेक करून थोडं थोडं. रबर वायसरच्या कडेने फुगून बाहेर यायला लागलं की थांबा. त्यापुढे आवळलंत तर शिवण लाटेसारखी होते आणि मधल्या फटींतून गळते.

जुनी_चाकं

थोडं अवांतर. हा प्रश्न बीटलवाल्यांचाच नाही. माझ्या मित्राच्या जुन्या मर्सिडीजला, १९५४ च्या २२०ए पासून त्यांनी जो खाली एकच सांधा असलेला स्विंग ॲक्सल आणला तो, एकच मोठा बूट आहे. आणि फियाट ५०० ला तर आणखी गंमत. तिथे बुटाच्या टोकालाच सीलचा ओठ असतो आणि शाफ्ट त्यात फिरतो. म्हणजे बूट धड असूनही शाफ्टवर जिथे ओठ घासतो तिथे खाच पडली तर गळती चालूच. नवे बूट घालूनही तेल थांबत नाही म्हणून लोक डोकं धरून बसतात.

सातवा_गिअर

मग बीटलवाल्यांनी सरळ नंतरच्या मॉडेलचा मागचा ॲक्सल का नाही टाकायचा? चार सीव्ही जॉइंट आणि स्वतंत्र हात. अमेरिकेत १९६९ च्या मॉडेलपासून तोच होता ना?

रिंगपाना

होता, आणि अर्धस्वयंचलित बीटलला तर १९६८ च्या मॉडेललाच आला. चालवायलाही तो बरा, वळणात चाक आत दुमडत नाही. पण त्यासाठी चॅसिसवर वेल्डिंग लागतं, गिअरबॉक्सचं डिफरेन्शियल वेगळं लागतं, आणि शेवटी दोनाऐवजी चार बूट होतात! १९६५ ची गाडी १९६५ चीच राहू द्या, असं मला मनापासून वाटतं.

घाटवाट

शेवटच्या वाक्याला दहा वेळा अनुमोदन.

मेघना_त

आले बघून! आमच्या गाडीचे दोन्ही बूट कोरडे आहेत. पण उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर, तेलाचा ओघळ आहे. हे काय?

बाबूकाका

ताई, ते मगाशी म्हटलेलं चाकाकडचं ऑइल सील. हे लांबणीवर टाकू नका. आत लायनर भिजले असतील तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढेल. तोवर ती लांब नेऊ नका. ड्रम काढायला ३६ मिलीमीटरचा नट सोडवावा लागतो, आणि परत आवळताना साधारण ३०० न्यूटन-मीटर. म्हणजे एक मीटरच्या दांड्याच्या टोकाला तीस किलो वजन टांगल्याइतका जोर. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही. हा नट सैल राहिला तर ड्रमचे आतले दात झिजतात आणि एके दिवशी इंजिन फिरतं पण गाडी जागची हलत नाही. मेकॅनिकसमोर उभं राहून टॉर्क रेंच लावून घ्या.

आणि निळी_बीटल, तुमच्या मूळ प्रश्नालाही हेच उत्तर लागू. चाकाकडचं सील किंवा बेअरिंग करायचं असेल तर निम्मा अर्धा पसारा उघडतोच, तेव्हा अखंड बूट घाला. नुसता बूट गेला असेल तर तेवढ्यासाठी बेअरिंगचं घर ठोकू नका. ते दाबून आणि पिन घालून बसवलेलं असतं. काढताना घर वाकडं झालं तर बुटाचं दुखणं बेअरिंगवर.

सातवा_गिअर

या नियमाला माझी सही. आधी मी सरसकट म्हणालो होतो, पण काकांची वाटणी योग्य आहे.

निळी_बीटल

मंडळी, काम झालं.

पावडर टाकून बघितलं, गळती डाव्या बुटातूनच होती, रिटेनर कोरडा निघाला. दोन्ही चाकांची सील आणि बेअरिंगं व्यवस्थित आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना जोडाचे बूट घातले. जुना डावा बूट पात्याने कापून काढला तेव्हा आत काळी रेती मिसळलेलं लोण्यासारखं तेल होतं. म्हणजे पाणीही आत गेलेलं. सांध्याचा भाग चिंधीने टिपून टिपून साफ केला, चिंधीचा एक धागाही आत राहू दिला नाही. शिवण मागे आणि किंचित वर, सीलंट पातळ, क्लिपा गाडी जमिनीवर घेऊन, ढकलून बसवल्यावरच. क्लिपेचं डोकं खालच्या बाजूला येऊ दिलं नाही, नाहीतर खड्ड्यात घडी त्यावर घासली असती.

तेल सगळंच बदलतोय. खालच्या बुचाच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट होती, तुकडे नव्हते. आता भरताना दोन शंका. गिअर ऑइलच्या दर्जांपैकी जीएल-४ की जीएल-५? आणि भरायच्या भोकातून अजून दीड लिटरही गेलं नाही तोच बाहेर येतंय.

रिंगपाना

करडी पेस्ट म्हणजे नेहमीची झीज, काळजी नको. तेल एसएई ९०, जीएल-४. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते आणि गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळ-काशाच्या सिंक्रो रिंगांना ती मानवत नाही असा जुन्या गाड्यांचा अनुभव आहे. ज्यावर पितळेला सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेलं असेल ते चालेल, पण जीएल-४ मिळत असताना वाकडी वाट कशाला?

बाबूकाका

आणि ते बाहेर येतंय म्हणजे भरलं असं समजू नका. घट्ट तेल गिअरबॉक्समधून दोन्ही बुटांत आणि तिथून नळ्यांत उतरायला वेळ घेतं. थोडं ओता, थांबा, परत ओता. गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर हवी, एक बाजू उचललेली असेल तर पातळी खोटी. भोकाच्या खालच्या कडेला तेल येऊन तिथेच स्थिर राहिलं की बूच लावा. काढलेलं तेल मोजून ठेवलं असतं तर अंदाज आला असता, पण गळून गेलेलंही धरावं लागलं असतं, म्हणून पातळीवरच विश्वास ठेवा.

निळी_बीटल

दुपारभर थांबत थांबत भरलं, उरलेलंही गेलं आत. आता पातळी हलत नाहीये. संध्याकाळी गाडी फिरवून आणली. दोन्ही शिवणी कोरड्या, फक्त डावीच्या एका स्क्रूपाशी ओलसर ठिपका आहे. लगेच आवळू का?

अनुस्वार

लगेच नको. आधी पुसून घ्या, ते बसवताना सांडलेलं तेलही असू शकतं. काही दिवस चालवा, रबर दबून बसू द्या, मग थंड गाडीत सगळे स्क्रू एकेक पाव फेरा बघा. परत तोच स्क्रू ओला आला तर त्याच्या खालचा वायसर बदला.

क्षितिजा

आणि पाव फेऱ्याने रबर बाहेर फुगायला लागलं तर तिथेच थांबा, बाकीचे तसेच राहू द्या.

निळी_बीटल

पुसलाय. आठवड्याने परत आवळून इथेच लिहितो. मेघनाताई, तुमच्या सीलचं काय झालं?

मेघना_त

उद्या सकाळी गाडी देतेय. ३०० चा आकडा कागदावर लिहून घेतलाय आणि टॉर्क रेंच लावेपर्यंत तिथून हलणार नाही.